उखळ सोडवताना

तलासरी
३ मार्च २०२५

आदरणीय महादेवकाका,

नमस्कार. मी सुनिता, लहान्याची थोरली मुलगी. बाबा तुमच्याकडे खाणीवर आणि पुढे कटिंगच्या कामावर होते, तेव्हा मी त्यांचा डबा घेऊन यायचे. तुम्ही मला चिकू द्यायचात आणि दगडाच्या ढिगावर चढू नको म्हणून ओरडायचात. आता मी आमच्या पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे, म्हणजे ओरडायचं काम माझ्याकडे आलंय. तुम्हाला हल्ली अजिबात ऐकू येत नाही असं विनोद म्हणाला, म्हणून फोन न करता लिहिते. विनोद घोलवडहून चिकूचा टेम्पो घेऊन आमच्या फाट्यावरून जातो. हे पत्र त्याच्याच हाती देते.

काका, एक अडचण आहे. शितलचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, एप्रिलच्या शेवटी लग्न ठरलंय. लग्नाच्या चौकाचं पांढरं चित्र भिंतीवर लिहायला जे पीठ लागतं, त्याचा तांदूळ आमच्या घरी बाबांनी घडवलेल्या उखळातच कांडायचा, हा आईचा नेम. माझ्या लग्नाला तिथेच कांडला होता. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी घरकुल झालं आणि मातीची जमीन जाऊन काँक्रीटची आली. उखळ मागच्या दाराशी जमिनीत पुरलेलं होतं. म्हातारीचा पाय त्यात अडकेल म्हणून गवंड्याने त्याच्यावरूनच काँक्रीट ओढलं. मी त्या दिवशी पोलिओच्या डोसाला गेले होते. आई घरात होती, पण ती काही बोलली नाही. गवंड्याने चांगल्या मनानेच केलं, त्याला काय बोलणार?

आता आई म्हणते, उखळ काढा. शेजारचा काळ्या ब्रेकर मशीन घेऊन आला, तर आई त्या जागेवर मांडी घालून बसली. "माझे उखळावर हा धडधड्या नाय चालवायचा," म्हणाली. काळ्या चहा पिऊन परत गेला.

मग मी बाजारातून डायमंडची चकती आणली. दुकानदाराने गुळगुळीत कडेची, चकचकीत दिली. बाबांचं छोटं मार्बल कटर अजून भिंतीला टांगलेलं आहे, त्याला ती लावली. माझा नवरा रूपेश, त्याने चालवून बघितली. जरा वेळ कापलं, मग धूर निघाला, कड निळी पडली आणि चकती नुसतीच घासायला लागली. काळा दगड फार कडक असतो, म्हणून आता सगळ्यात कडक चकती घ्यावी असं मला वाटतं. ती कुठली, तेवढं कळवाल का? आईला मी उखळ काढून देते असं सांगून बसले आहे, आणि ते फुटलं तर तिच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू, हेच कळत नाही.

तुमची,
सुनिता


चिखले
६ मार्च २०२५

चि. सुनिता,

पत्र पोचलं. विनोदने ते चिकूच्या पेटीत वर ठेवलं होतं, त्यामुळे घरात आधी वास आला आणि मग तू आलीस. माझी बायको रंभा, तुझी काकी, तुझी आठवण काढते.

आधी तुझी समजूत उलटी करतो, राग मानू नकोस. ही चूक भलेभले करतात. चकतीच्या कडेला हिऱ्याची बारीक कणी असते आणि ती धातूत बसवलेली असते. कापते ती कणी. धातू फक्त तिला धरून ठेवतो. कणी बोथट झाली की धातू झिजून ती गळून पडायला हवी, म्हणजे आतली ताजी कणी वर येते. काळा दगड कडक खरा, पण तो गुळगुळीत, धातूला झिजवत नाही. म्हणून कडक दगडाला मऊ धातूची चकती. काँक्रीटमध्ये वाळू असते, ती धातूला भराभर खाते, म्हणून काँक्रीटला कडक धातूची. तू दगडाला कडक मागितली असतीस तर दुकानदाराने आनंदाने दिली असती आणि ती दगडावर नाचत राहिली असती.

पण मुळात तुला दगड कापायचाच नाही. तुला दगडाभोवतीचं काँक्रीट कापायचंय. तेव्हा काँक्रीटची घ्यायची, कडेला खाचा असलेली. खाचांतून वारा आणि पाणी खेळतं, चकती तापत नाही. तुला दिली ती टाइल्सची. टाइलची कड तुटू नये म्हणून ती अखंड असते, तिचा दोष नाही.

आता मुख्य गोष्ट. ते उखळ मला माहीत आहे. लहान्याने तो दगड आमच्याच खाणीत निवडला, तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, ह्याला एका अंगाला रेघ आहे, दुसरा घे. तो म्हणाला, रेघ दाराच्या बाजूला ठेवीन, तिथे मुसळ लागत नाही. मग तुझ्या आईने ब्रेकर चालवू दिला नाही हे फार बरं झालं. त्या धक्क्याने रेघ उघडली असती आणि उखळाची दोन शकलं हातात आली असती. माझ्या वतीने तिला, भिकीला, नमस्कार सांग.

रूपेशला सांग, उखळाच्या कडेपासून चार बोटं सोडून चौकोन आखायचा. छोटं कटर जेमतेम सव्वा इंच आत जातं, तेव्हा आधी वरचा थर कापायचा, छिन्नीने हलकेच उडवायचा, मग खालचा. दाराच्या बाजूला छिन्नी लावायचीच नाही, तिकडे फक्त चकती. चकतीवरचा बाण आणि यंत्राची फिरायची दिशा एक हवी. चकतीवर फेऱ्यांचा आकडा असतो, तो यंत्राच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. कोरडं कापायचं नाही. एकाने बाटलीने थेंब थेंब पाणी सोडायचं, चकतीवर, मोटरवर नाही. आणि वीज ज्या बोर्डातून घ्याल तिथे झटका लागताच बंद पडणारा स्विच आहे ना, ते आधी बघायचं. नाकाला मास्क, कानाला बोळे. कानाचं मी सांगतो तेव्हा तरी लोकांनी ऐकावं.

माझ्या पेटीत काँक्रीटची एक नवी चकती होती. विनोदबरोबर पाठवतो. मला आता तिचा काय उपयोग?

तुझा,
महादेवकाका


तलासरी
११ मार्च २०२५

आदरणीय काका,

चकती मिळाली. तुमचे उपकार कसे फेडू, असं लिहिणार होते, पण तुम्ही त्यावर पण ओरडाल. आईला पत्र वाचून दाखवलं. ती रेघेचं ऐकून म्हणाली, "मना माहीत हाय. तुझे बापानं दाखवलेली." म्हणजे घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, मला सोडून.

चौकोन आखला. उखळ नेमकं कुठे ते आईनेच दाखवलं. मी टेप घेऊन दारापासून मोजत होते, ती आली आणि टाचेने खूण केली. रविवारी पहिली चीर घातली. रूपेशची चीर सापासारखी वाकडी गेली. तो म्हणतो, यंत्र धरलं की दंड भरून येतात आणि चकती मध्येच अडकून उसळी मारते. असं का होतं?

आणखी एक काळजी आहे. गवंड्याने काँक्रीट ओतलं ते उखळाच्या पोटात पण भरलं असणार. बाहेरून सोडवलं तरी आतला गट्टू कसा काढायचा? तो काढताना उखळ फुटेल, हे सारखं मनात येतं. आईला हे बोलले नाही, उगाच तिच्या जिवाला घोर.

शितल पाणी सोडायला बसते. हळदीच्या आधीच चिखलाने रंगली म्हणून सगळे तिला हसतात.

तुमची,
सुनिता


चिखले
१३ मार्च २०२५

चि. सुनिता,

रूपेश दाबतोय. त्याला सांग, चकतीला ढकलायचं नसतं. यंत्राच्या वजनाने ती आपणहून उतरते, आपण फक्त वाट दाखवायची. पहिली चीर नखाएवढीच खोल घालायची, शेजारी सरळ फळी टेकवून. दुसऱ्या फेरीला चकती त्याच वाटेने जाते. उसळी मारते ती चीर वाकडी झाल्यामुळे. चकती सरळ असते, ती वळत नाही. वळवलीस की चावते. आणि यंत्राच्या रेषेत मागे उभं राहायचं नाही, एका बाजूला राहायचं. चकती मंद वाटली तर सिमेंटच्या ठिसूळ ठोकळ्यावर थोडी चालवायची, बोथट कणी निघून जाते.

आतल्या गट्टूची काळजी मलाही आहे. मी दोन दिवस त्यावरच विचार करतोय. गट्टूच्या मधोमध छिद्रं पाडायची, एकमेकांना लागून, मग मधला भाग पोकळ करून कडा आतल्या बाजूला पाडायच्या. बाहेरच्या बाजूला जोर जाता कामा नये. चित्र काढून मागच्या पानावर दिलंय. रंभा म्हणते, हे चित्र आहे की वडा. तुला कळेल अशी आशा.

एक करा. कापताना निघणारी राड कागदाला लावून, वाळवून, मला पाठव. मी कामावर होतो तेव्हा आवाजावरून सांगायचो चकती कशात आहे. कान गेल्यावर शेवटची दोन वर्षं मी राडेच्या रंगावरून काम केलं. काँक्रीटची राड फिकट असते, काळ्या दगडाची गडद. इथे बसून मला तुमचं काम दिसेल.

सुनिता, तुला कल्पना नाही, मी रोज संध्याकाळी टेम्पोच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभा राहतो. विनोद लांबूनच हात हलवून तुझं पत्र आहे की नाही ते सांगतो.

तुझा,
महादेवकाका


तलासरी
२४ मार्च २०२५

आदरणीय काका,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावला असाल. अंगणवाडीत वजनं-उंची घ्यायचे दिवस होते. काम फक्त संध्याकाळी, उजेड असेपर्यंत होतं.

पण तुम्ही सांगितलेलं जादूसारखं लागू पडलं. फळी टेकवली, दाबणं सोडलं, आणि चीर शाळेच्या पट्टीने ओढावी तशी सरळ. मागची आणि डावी बाजू वरच्या थरापर्यंत झाली. उजवीकडे उखळाच्या जवळ आलो आहोत. रूपेशला आता हात बसलाय. वडा मला कळला, काकींना सांगा.

सोबत राडेचा कागद आहे. उजव्या बाजूची राड आहे, कालची.

तुमची,
सुनिता


चिखले
२५ मार्च २०२५

सुनिता,

काम ताबडतोब थांबवा. कागद बघितला. ही राड काँक्रीटची नाही, काळ्या दगडाची आहे. चकती उखळात शिरलेली आहे. आणखी एक चीर गेली तर रेघेपर्यंत पोचेल. कशालाही हात लावू नका.

रूपेशला उद्या विनोदबरोबर इकडे पाठव. मला त्याचा हात बघायचाय, तो यंत्र कसं धरतो ते. हे पत्रात जमणार नाही. माझे गुडघे चालत असते तर मीच आलो असतो. मी तुला दुरून शिकवायला गेलो हीच चूक झाली असं आता वाटतं.

महादेव


तलासरी
२८ मार्च २०२५

आदरणीय काका,

तुमचं पत्र वाचून मी यंत्राचा प्लग काढला. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. दोन दिवस अंगणवाडीत मुलांना एकच गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, मुलंसुद्धा कंटाळली.

रूपेश येणार नाही, काका. त्याला पाठवून काही उपयोग नाही, कारण त्याने यंत्राला एकदाही हात लावलेला नाही. तो चांगला माणूस आहे, पण कटर सुरू झालं की अंगणात जाऊन उभा राहतो. पहिल्या दिवसापासून मीच कापते आहे. धूर माझ्याच हातून निघाला, वाकडी चीर माझीच. बाजारात चकती मागितली तेव्हा दुकानदार हसला आणि म्हणाला, घरातल्या पुरुषाला पाठवा. मला वाटलं तुम्हीही तसंच म्हणाल आणि शिकवायचं सोडून द्याल. म्हणून रूपेशचं नाव पुढे केलं. तुमच्याशी खोटं बोलले, त्याचं फार वाईट वाटतं.

आता राडेचं. तुमचं पत्र आल्यावर मी चीर ओल्या फडक्याने पुसून काढली आणि टॉर्च लावून बघितली. तळाला खडी दिसत होती, सिमेंट दिसत होतं. अखंड दगड कुठेच दिसला नाही. मग मला शंका आली. पुढच्या दाराशी, उखळापासून लांब, एक छोटी चीर घातली. त्याची राडही तशीच गडद निघाली. मग अंगणातल्या एका काळ्या दगडाला जरा चकती लावून बघितली. सोबत तिन्ही कागद पाठवते आहे, मागे लिहिलंय कुठली राड कुठली. गवंड्याला विचारलं, तर तो म्हणाला, आता वाळू मिळते कुठे? खाणीतल्या दगडाचा चुरा येतो, तोच वाळूच्या जागी घालतो. म्हणजे आमची सगळी जमीनच काळ्या दगडाच्या चुऱ्याची आहे.

मी चुकत असेन तर सांगा. तुम्ही सांगेपर्यंत प्लग लावणार नाही.

तुमची,
सुनिता


चिखले
३० मार्च २०२५, पाडवा

चि. सुनिता,

सकाळी गुढी उभारली आणि तुझे तीन कागद खिडकीत उन्हाला धरले. पहिले दोन सारखे आहेत, जाडसर, राखेच्या रंगाचे. तिसरा निळसर काळा आणि मऊ, बोटाला पावडरसारखा लागतो. तुझं बरोबर आहे, मी चुकलो. माझ्या वेळी खाडीची रेती असायची, तिची राड पांढरट. दगडाचा चुरा वाळू म्हणून वापरतात हे ऐकून होतो, म्हणजे वाचून होतो, पण हाताने कधी बघितलं नव्हतं. तुला उगाच घाबरवलं. आणि घाबरून तू जे केलंस ते मी कामावरच्या माणसांना वर्षानुवर्षं सांगायचो आणि एकट्या लहान्याशिवाय कुणी केलं नाही. काम बंद करून आधी बघायचं.

रूपेशच्या नावाबद्दल मी रागावलो. खरंच रागावलो, पण अर्धा तासच. रंभाने कागदावर लिहून विचारलं, तिने पहिल्याच पत्रात खरं लिहिलं असतं तर तुम्ही काय उत्तर दिलं असतं? मी विचार केला. मी लिहिलं असतं, पोरी, हे तुझं काम नव्हे, एखादा माणूस बघ. तेव्हा तू लिहिलं नाहीस हेच बरं झालं.

मात्र आता मला सगळं पुन्हा सांगायला हवं, कारण मी आजवर एका दांडग्या गड्याला सांगत होतो. ओढणी घरात ठेवायची. वेणी घालून कुर्त्याच्या आत खोचायची. काचेच्या बांगड्या काढायच्या, आई काही म्हणाली तर माझं नाव सांग. वाकून कापू नकोस, पाट घेऊन बस, कोपर गुडघ्याला टेकव, म्हणजे दंड भरून येणार नाहीत. दमलीस की थांबायचं, आणखी एवढीच चीर असं म्हणायचं नाही. बहुतेकांची बोटं त्या शेवटच्या चिरेत गेली आहेत.

प्लग लाव. उजवी बाजू पुरी कर, मग दाराची.

गुढीपाडव्याच्या शुभेच्छा. बत्तासे पाठवतोय, विनोदने वाटेत खाल्ले नाहीत तर मिळतील.

तुझा,
महादेवकाका


तलासरी
९ एप्रिल २०२५

आदरणीय काका,

उखळ निघालं. अख्खं निघालं. हे आधी लिहिते, नाहीतर तुम्ही पुढचं वाचणार नाही.

दाराची बाजू मी सगळ्यात शेवटी घेतली, छिन्नी न लावता, नुसत्या चकतीने. शितल पाणी सोडत होती, आई पाठीमागे उभी होती. चारी बाजू सुटल्या तेव्हा मधला तुकडा झाकणासारखा हलायला लागला. रूपेश आणि काळ्याने पहारीने एक बाजू जरा उचलली. माझं सगळं लक्ष आतल्या गट्टूवर. तुमचं चित्र मी भिंतीला चिकटवलं होतं, छिद्रं पाडायला ड्रिल मशीन मागून आणलं होतं.

तुकडा वर आला आणि त्याच्या खालच्या अंगाला भाकरीचा तवा चिकटलेला होता. आमचा जुना, कडेला फुटलेला. मला वाटलं गवंड्याने कचरा टाकला. खाली वाकून बघते तर उखळ तोंडापर्यंत भाताच्या तुसाने भरलेलं. तूस वरून थोडा काळा पडलेला, आत कोरडा. काँक्रीटचा एक खडाही आत गेला नव्हता.

आम्ही सगळे आईकडे बघायला लागलो. ती म्हणाली, "गवंडी माल कालवत व्हता. त्याला थांबवाया मना नाय जमलं, चार माणसं उन्हातानात राबाया आलेली. मंग तूस भरला नि तवा झाकला." मी म्हटलं, अगं मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? मी इकडे रात्री झोपत नव्हते. तर म्हणते, "तू इचारलंस कवा? तू तं चिखल्याला पत्र लिवत बसलीस."

काका, मला हसू आलं आणि नंतर रडू आवरेना. हे उखळ पुन्हा बाहेर काढणारं कुणीतरी येईल असं तिने तेव्हाच धरून ठेवलं होतं. बाबा नाहीत, मुलगा नाही, घरात आम्ही दोन मुली. ती नेमकी कुणाची वाट बघत होती ते मी विचारलं नाही. मला एवढंच वाटतं की तुम्ही नसता तर काळ्याने दुसऱ्यांदा मशीन आणलं असतं आणि आईचा तूस शकलांसकट उचलून टाकावा लागला असता. तुम्ही माझ्या हाताला वाट दाखवलीत. बाबा गेल्यापासून मला असं कुणी काही शिकवलं नव्हतं. शिकवताना ओरडलं पण नव्हतं.

उखळाला रेघ आहे, तुम्ही म्हणालात तिथेच. उघडलेली नाही. आईने बोट फिरवून बघितलं.

लग्नपत्रिका सोबत आहे. तुमचे गुडघे माहीत आहेत, तरी सांगते, यायचं. विनोदने पुढची सीट तुमच्यासाठी ठेवली आहे, काकींना मध्ये बसवेल. लग्नाच्या सकाळी आल्यास तांदूळ कांडताना बघता येईल.

आणि एक विचारायचं आहे. खालच्या पाड्यावरची लाडकी कालच आली होती. तिच्याही घरी घरकुलात उखळ काँक्रीटखाली गेलंय. तिला काय सांगू?

तुमची,
सुनिता


चिखले
२ मे २०२५

चि. सुनिता,

आम्ही सुखरूप घरी पोचलो. विनोदने टेम्पो इतका हळू चालवला की मागचे चिकू वाटेतच पिकले असतील. लाडकीला हो म्हण. तिचं घरकुल कधीचं, माल कशाचा, आधी विचारून घे. सोबत दोन चकत्या आहेत. तिच्या आईलाही विचार, आत काय भरलंय.

आता जे तोंडावर सांगता आलं नाही ते लिहितो.

मी लग्नांना जायचं सोडलं होतं. बहिऱ्या माणसाला लोक मान देतात, पुढची खुर्ची देतात, जेवायला आधी बसवतात. मग त्याच्याशी कुणी बोलत नाही, कारण बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि लग्नात ओरडणं बरं दिसत नाही. मी हसत बसायचो आणि जेवून निघायचो. तुमच्या मांडवातही मला खुर्ची दिली होती. तुझी आई आली, तिने माझा हात धरला, मला उठवलं आणि उखळाशेजारी खाली जमिनीवर बसवलं. गुडघ्यांनी तक्रार केली, पण भिकीला त्याचं काही नव्हतं. तिने माझा तळहात उखळाच्या कडेला टेकवला. लहान्याने घासून गुळगुळीत केलेल्या जागी.

बायका कांडायला लागल्या. त्यांचं गाणं मला ऐकू आलं नाही, तोंडं हलताना दिसत होती. पण मुसळ पडलं की ठोका दगडातून माझ्या हातात येत होता, कोपरापर्यंत. एक मुसळ जड होतं, एक हलकं. हलकं जरा उशिरा पडायचं. मी बोट करून दाखवलं, ही उशीर करते, तर सगळ्या बायका हसायला लागल्या आणि ती पोरगी लाजली. मग तू मुसळ घेतलंस. मला न बघता कळलं, कारण तू दाबत नव्हतीस.

दगड खणखणीत आहे, सुनिता. रेघ असलेला दगड आतून फुटला असेल तर ठोका मधेच मरतो. हा पूर्ण येत होता. हे मी हाताने तपासून सांगतो आहे.

गेल्या चार वर्षांत मला लोकांनी खूप काही दिलं. औषधं दिली, कानाची यंत्रं आणून दिली, ती चालली नाहीत तेव्हा दिलासा दिला. मुलगी रोज विचारते, जेवलात का, गोळी घेतली का. सगळ्यांचं माझ्यावर प्रेम आहे, त्यात खोट नाही. पण माझ्याजवळ जे होतं ते कुणाला नको होतं, आणि मीही तसंच धरून चाललो होतो. चकत्या पेटीत ठेवून पेटीवर जुनी वर्तमानपत्रं रचली होती.

मार्चमध्ये तुझं पहिलं पत्र आलं, तेव्हा मी रात्रीचं जेवण सोडून लिहायला बसलो. रंभाने ताट झाकून ठेवलं आणि हाताने विचारलं, एवढं घाईचं काय आहे? मी तिला म्हटलं, एका पोरीने मला विचारलंय.

तुझा,
महादेवकाका